कुटलेली गोळी

माझ्या बायकोबद्दल आमच्या नातेवाइकांत एक गोष्ट सांगितली जाते. तिनं स्वतःच्या मनानं मुलाच्या फिटच्या गोळ्या बंद केल्या आणि त्यामुळे त्याचे हाल झाले, अशी ती गोष्ट. सांगणारे वाईट मनानं सांगत नाहीत. "बिचारी, शिकलेली नव्हती, लेकराचं बघवलं नाही तिला," असं म्हणतात आणि दुसऱ्या विषयाकडे वळतात. तिला जाऊनही आता काही वर्षं झाली. गोष्ट मात्र तशीच चालू आहे, आणि ती चालू राहिली याला कारण मी आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

आमचा मुलगा आता चाळिशीला टेकला आहे. त्याला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्न म्हणतात, पण तो शब्द मला कधी पटला नाही. तो स्वतःत कुठला मग्न असायला? तो आमच्या घराखालच्या शेडमधल्या प्रेस मशीनच्या आवाजात मग्न असतो. चिखलीत आमच्या गल्लीत खाली वर्कशॉप आणि वर बिऱ्हाडं अशीच घरं आहेत. दिवसभर धप्प धप्प चालू असतं, पाहुणे वैतागतात, आणि हा त्या ठेक्यावर खिडकीत डोलत उभा राहतो. गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी, मशीन बंद. त्या दिवशी तो घरभर फिरतो आणि मधूनच जमिनीला कान लावून बघतो. बोलतो मोजकं. त्याच्या ताटलीची, वाटीची, बसायच्या स्टुलाची जागा ठरलेली. त्यात बदल केला तर हाताला चावून घेतो. दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःच्याच हाताला.

मिसरूड फुटायच्या वयात त्याला फिट यायला लागल्या. तेव्हापासून एक छोटी पांढरी गोल गोळी सुरू होती. आईच्या तळहातावरून दोन बोटांनी ती उचलायची, तोंडात टाकायची, पाणी प्यायचं, आणि "झालं" असं आपणच म्हणायचं. ती गोळी त्याच्या नियमांत बसलेली होती.

मी आधी भोसरीत आणि नंतर चाकणला, एका कंपनीत मेंटेनन्सला होतो. लाइन बंद पडली की मला बोलावणं यायचं. स्पेअर येईपर्यंत थांबा, असं मी कधी म्हणायचो नाही. तार बांध, पत्रा कापून लाव, दुसऱ्या मशीनचं काढून इकडे बसव, पण लाइन चालू कर. आमचे साहेब म्हणायचे, "राव, तुम्ही असल्यावर स्टोअरला कुलूप लावलं तरी चालतंय." हे ऐकायला मला फार आवडायचं. पगारवाढीपेक्षा जास्त आवडायचं म्हटलं तरी खोटं होणार नाही.

दवाखान्याची वारी आम्ही गुरुवारीच करायचो, मला सुट्टी असायची म्हणून. ओपीडीच्या बोळात गर्दी, ट्यूबलाइटची घरघर, पोरांची रडारड. मुलगा तिथं टिकत नसे. मग बायको त्याला घेऊन बाहेर पार्किंगमध्ये फेऱ्या मारायची आणि आत मी जायचो. डॉक्टरांनी तपासायला बोलावलं तर तेवढ्यापुरतं दोघांना आत आणायचं आणि लगेच बाहेर. त्यामुळे डॉक्टर जे सांगायचे ते मी एकटाच ऐकायचो. तिच्यापर्यंत मी सांगेन तेवढंच पोचायचं. कंपनीत पाळी बदलताना आधीचा माणूस पुढच्याला चार्ज देतो, तसा मी तिला चार्ज द्यायचो. पुढचा माणूस आधीच्यावर विश्वास ठेवूनच मशीनला हात लावतो.

मुलगा पंचविशीत असताना पांढऱ्या गोळीनं फिट आटोक्यात येईनात. तेव्हाच्या डॉक्टरांनी औषध बदलायचं ठरवलं. जुनी हळूहळू कमी करायची, नवी हळूहळू वाढवायची. नवी गोळी लांबट, गुलाबी. डॉक्टर म्हणाले, "ही पोटात सावकाश विरघळते, दिवसभर पुरते. तोडायची नाही, चावायची नाही. अख्खी गिळायची." हे मी नीट ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं म्हणून मला सुटता येणार नाही. पण त्याच दमात त्यांनी अंगावर पुरळ आलं तर काय, झोप आली तर काय, कोणत्या आठवड्यात कोणती किती, असं बरंच सांगितलं. अख्खी गिळायची हे मला त्यातलं सगळ्यात किरकोळ वाटलं.

मुलानं गुलाबी गोळी बघितली आणि स्टुलावरून उठून गेला. पुन्हा आणून बसवलं, तर हात मारून उडवली. पोळीच्या घासात लपवली, त्यानं घास तोंडातून काढून उलगडून बघितला. बायको रडकुंडीला आली. "घे की रे राजा, एकच तर हाय," करत त्याच्या मागे फिरायची. आम्ही धाराशिवकडचे. माझी भाषा इथं राहून धुवून निघाली, तिची शेवटपर्यंत तिकडचीच राहिली.

त्या गुरुवारी मी खलबत्ता काढला आणि गोळी कुटली. अगदी मैद्यासारखी. केळ्याच्या शिकरणात कालवली आणि त्याच्या वाटीत, त्याच्या जागेवर ठेवली. त्यानं वाटी चाटूनपुसून साफ केली. मला जे समाधान झालं ते लाइन चालू झाल्यावर व्हायचं तेच. मी आठवडाभराच्या गोळ्या कुटल्या आणि जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या पुड्या बांधून डब्यात ठेवल्या, म्हणजे मी ड्युटीवर असताना तिनं नुसतं कालवायचं.

ती माझ्यासमोर बसून पुड्यांना घड्या घालत होती. म्हणाली, "अहो, पण अशी कुटलेली चालती का?"

"चालते. विचारलंय मी."

मी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच नव्हती, कारण उत्तर मला आधीच मिळालेलं होतं. तरी ते दोन शब्द तोंडातून सहज गेले. तिनं मान हलवली आणि पुढची पुडी बांधली.

पुढचे दिवस वाईट गेले. जसजशी गोळी वाढवली तसतसं ते जास्त झालं. शिकरण खाल्लं की थोड्या वेळानं त्याचा तोल जायचा. भिंतीला धरून चालायचा. ओकायचा. दिवस कलला की गुंगी उतरायची आणि हातापायांना झटके यायचे. त्या महिन्यात कंपनीत नवी लाइन बसत होती. मी ओव्हरटाइम करून घरी यायचो आणि जेवून आडवा व्हायचो.

"लेकरू झोकांड्या खायलंय," ती म्हणाली. "डॉक्टरला फोन तर लावा."

"नवीन औषध अंगात मुरायला वेळ लागतो."

"मुरायला म्हणजे काय लोणचं हाय का ते?"

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "मी उद्यापासून देणार न्हाई ही. मान धरंना त्याची."

"गुरुवारी जाऊ, तोवर बघ तुझं तू," मी म्हणालो. हे वाक्य मला लख्ख आठवतं. तोवर बघ तुझं तू. म्हणजे थांबवायला मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. जुनी पांढरी गोळी तोपर्यंत जवळजवळ बंद होत आली होती. नवी तिनं थांबवली. औषध असं अंगात काही राहिलंच नाही.

गुरुवार यायच्या आत राजगुरुनगरला तिच्या भावाकडे बारसं होतं. मुलाला गर्दी नको असते, पण सख्ख्या भावाकडचं कार्य, जाणं भाग होतं. पंगतीची पहिली पानं वाढून झाली आणि तो मांडवाच्या लोखंडी खांबाजवळ कोसळला. एक फिट थांबते न थांबते तोच दुसरी. कपाळ खांबावर आपटून फुटलं होतं. सनई चालूच होती, कुणाला बंद करायचं सुचलं नाही. टेम्पोतून त्याला दवाखान्यात नेलं.

तिथल्या बाकावर तिची भावजय तिच्याजवळ बसली. हळूच म्हणाली, "वन्सं, गोळी चुकली होती का हो?"

"चुकली न्हाई," बायको म्हणाली. "मी बंद केली."

मी समोर भिंतीला टेकून उभा होतो. माझ्या मेव्हण्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दाजी, तुम्ही तरी लक्ष ठेवायचं होतं."

मी म्हणालो, "मी कामावर असतो."

त्या वेळी माझ्या मनात पुड्या आल्याच नव्हत्या, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. आल्या होत्या.

नंतर आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी विचारलं, "गोळी अख्खीच देत होतात ना?" बायको बाहेर पार्किंगमध्ये होती. मुलाच्या कपाळाला टाके होते आणि ती त्याला सावलीत धरून उभी होती. मी म्हणालो, "हो." डॉक्टरांनी फायलीत लिहिलं की हे औषध याला सोसत नाही. पुन्हा पांढरी गोळी आली, पहिल्यापेक्षा जास्त. पुढं कधीतरी आणखी एक औषध लावून बघितलं, तर त्यानं मुलाचं डोकं इतकं तापायला लागलं की त्यानं खिडकीच्या काचा फोडल्या. मग पांढरीच कायम झाली. तिच्यावर त्याची पुढची सगळी वर्षं गेली. हिरड्या सुजून दातांवर चढल्या, चाल डुगडुगती झाली, आणि फिट कमी झाल्या तरी थांबल्या नाहीत.

बायको बदलली. त्यानंतर तिनं घरात औषधाबद्दल एकही निर्णय स्वतः घेतला नाही. साधी सर्दीची गोळी द्यायची तरी मला म्हणायची, "विचारलंय ना?" मी हो म्हणायचो. भावाकडच्या कार्यांना जाणं तिनं सोडलं. मुलाचं कारण सांगायची, आणि लोकांना ते पटायचं.

ती शेवटच्या आजारात दवाखान्यात होती तेव्हा एकदा दुपारी मी तिला मोसंबी सोलून देत होतो. ती म्हणाली, "माझ्यामुळं लेकराचं वाटोळं झालं बघा."

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. मी मोसंबीची फोड तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "असू दे आता. तू काय मुद्दाम केलंस का?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही कधी बोलून दाखवलं न्हाई. लई मोठं मन तुमचं."

मी तिला माफ केलं होतं. सगळ्यात वाईट मी काय केलं असेल तर ते हे.

आता मी आणि मुलगा असे दोघेच घरात असतो. स्वयंपाकाला बाई येते. मुलगी रावेतला राहते, आयटीत आहे. सुट्टीच्या दिवशी येते, भावाची नखं कापते, किराणा ऑनलाइन मागवून देते. माझ्यानंतर त्याला तीच बघणार आहे. तसं ती कधी म्हणाली नाही, पण रावेतचा फ्लॅट घेताना तिनं एक खोली जास्तीची घेतली. कशाला, असं मी विचारलं नाही.

गेल्या वर्षी हाडांची तपासणी झाली आणि कळलं की इतक्या वर्षांच्या त्या गोळीनं त्याची हाडं ठिसूळ केली आहेत. नव्या डॉक्टरीण बाईंनी औषध बदलायलाच हवं म्हणून सांगितलं. त्या दिवशी मुलगी आत गेली. इंग्रजीतलं तिला समजतं, प्रश्न विचारता येतात. मी मुलाला घेऊन बाहेर थांबलो.

त्या पार्किंगमध्ये मी पहिल्यांदाच इतका वेळ उभा होतो. मुलगा गाड्यांच्या रांगेतून फिरायचा आणि प्रत्येक गाडीच्या बॉनेटला हात लावून ते गरम आहे का बघायचा. एक ड्रायव्हर ओरडला, "ओ काका, सांभाळा की त्याला, पेंट जाईल!" मी म्हटलं, "भाऊ, तो नुसता हात लावतो." थोड्या वेळानं वॉचमननं आम्हाला गेटकडे सरकायला लावलं. आत आपल्या माणसाबद्दल काहीतरी ठरतंय, आणि आपल्याला त्यातलं बाहेर येणारा सांगेल तेवढंच कळणार. बायकोनं हे किती वर्षं केलं असेल.

मुलगी चिठ्ठी घेऊन बाहेर आली. "पप्पा, त्या तीच जुनी गुलाबी म्हणत होत्या. फाइल बघून विचारलं, काय झालं होतं. मी सांगितलं, आईनं मध्येच बंद केली होती आणि त्याला केवढ्या फिट आल्या ते. म्हटलं, ती नकोच. मग त्यांनी हे दुसरं दिलंय. पण यानं चिडचिड वाढू शकते म्हणे."

मी चिठ्ठी हातात घेतली. ते काचा फोडायला लावणारं औषध होतं. फायलीत तेव्हा ते दुसऱ्याच कंपनीच्या, आता बंद झालेल्या नावानं लिहिलेलं होतं, म्हणून बाईंच्या लक्षात आलं नसावं, पण खालचं मूळ औषधाचं नाव माझ्या ओळखीचं होतं.

"चल परत आत," मी म्हणालो. "मला बोलायचंय."

"मला सांगा ना, मी विचारून येते."

"नाही. मीच बोलतो."

आम्ही तिघंही आत गेलो. मुलगा डॉक्टरांच्या टेबलावरचं पेपरवेट फिरवत बसला. मी उभ्यानंच सांगितलं. गोळी मी कुटत होतो. अख्खी द्यायची हे मला माहीत होतं. बायकोनं विचारलं तेव्हा, विचारलंय, असं मी सांगितलं. आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही मी खोटं बोललो. ती घाबरून बंद करेपर्यंत मी सगळं होऊ दिलं.

बाईंनी फाइल पुन्हा उघडून बघितली. मग म्हणाल्या, "काका, कुटल्यावर सगळा डोस एकदम अंगात जातो, आणि पुढच्या वेळेच्या आधीच संपतो. तुम्ही सांगताय ते सगळं त्यात बसतं." त्यांनी पहिली चिठ्ठी फाडली आणि नव्या चिठ्ठीवर ती गुलाबी गोळी लिहिली. "बंद करताना त्यांनी एकदम केली, ते धोक्याचं होतं. पण त्यांना जे दिसत होतं ते खरंच होत होतं. औषध सोसत नव्हतं असं यावरून म्हणता येणार नाही."

मुलगी माझ्याकडे बघत नव्हती. ती भावाच्या हातातल्या पेपरवेटकडे बघत होती.

गाडी मुलगी चालवत होती. मागच्या सीटवर मुलगा काच वर-खाली करत होता. एरवी ती ओरडली असती. चिखलीला घराशी गाडी थांबवून, इंजिन बंद न करता तिनं विचारलं, "आईला माहीत होतं?"

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"नाही."

"त्या गोळ्यांवरून मी तिच्याशी किती वाईट बोलले होते, पप्पा. माझ्या लग्नाच्या वेळी." मी मुलाचा हात धरून उतरलो. ती गेली.

नवी गोळी सुरू करण्याआधी त्याला अख्खं गिळायला शिकवायचं होतं. कसं ते बाईंनी सांगितलं होतं. आधी भिजवलेला साबुदाण्याचा एक दाणा, पाण्याबरोबर. तो जमला की बडीशेपेची साखरगोळी. मग जरा मोठी, गुलाबी रंगाची, म्हणजे डोळ्यांना सवय होते. पहिले काही दिवस त्यानं साबुदाणा गालात धरून ठेवला आणि नंतर माझ्या हातावर थुंकला. मग एकदा गिळला आणि "झालं" म्हणाला. गुलाबीपर्यंत यायला काही आठवडे लागले. फार काही कष्ट पडले नाहीत. रोज त्याच वेळी त्याच्यासमोर बसायचं आणि घाई करायची नाही, एवढंच होतं. तेव्हा मला ते जमलं नसतं असं नाही. कुणी विचारलंच तर मी तेच सांगेन, की जमलं असतं.

आता जुनी कमी होते आहे, नवी वाढते आहे. मधे दोनदा लहानशी फिट आली. बाई म्हणाल्या, बदलताना येऊ शकतात. तो भिंत न धरता जिन्यापर्यंत जातो. पुढे काय होईल ते मला माहीत नाही.

राजगुरुनगरला मेव्हण्याला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "जाऊ द्या दाजी. आता कशाला उगं उकरायचं? ती बिचारी गेली." मी म्हटलं, "ती गेली म्हणूनच. घरातल्या सगळ्यांना सांग." तो बरं म्हणाला, आणि मग पाण्याचं, पावसाचं बोलायला लागला. तो सांगणार नाही, हे मला कळलं. हे लिहून झालं की त्याची झेरॉक्स काढून प्रत्येक घरी पाठवणार आहे.

मुलगी अलीकडे येते ती मी फिरायला बाहेर पडतो त्या वेळेला. फोन मात्र रोज संध्याकाळी करते.

"गोळी दिली?"

"दिली."

"अख्खी?"

"अख्खी."

"त्याच्याकडे द्या."

मी फोन मुलाच्या कानाला लावतो. तो तिच्याशी काही बोलत नाही, पण ऐकतो. ती काय सांगते ते मला ऐकू येत नाही, बराच वेळ काहीतरी सांगत असते. तो डोलतो, मधेच हसतो. मी शेजारी बसून असतो, कारण त्याचं झाल्यावर तिला मला काही म्हणायचं असेल तर म्हणता यावं. पण ऐकून पुरेसं झालं की तो फोन कानावरून काढतो, समोर धरतो, आणि लाल बटण स्वतःच दाबतो.